मनोबल एकटीचे नसते

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आपल्या शाळेच्या व्हरांड्यात पालकांची वर्दळ सुरू होते. साकोली, लाखनी, लाखांदूर, अर्जुनी-मोरगाव या परिसरातील खेड्यांतून सानगडीला आलेले हे मायबाप. कुणाला दाखला हवा असतो, कुणाला सल्ला. गेली काही वर्षे त्यांचा एक प्रश्न आमच्या कानी वारंवार पडतो आहे. खांद्यावरचा दुपट्टा सावरत एखादा बाप हळूच विचारतो, "गुरुजी, पोरीले नर्सिंगले टाकाचं म्हन्तो. पन तिचं मन लय कवळं आहे. टिकंल का?"

या प्रश्नाला आम्ही वर्षानुवर्षे एकच उत्तर देत आलो : "काळजी करू नका. आपल्या वसतिगृहात वाढलेली पोर आहे, टिकेल." हे उत्तर अपुरे होते. एका प्रसंगी ते आपल्याच एका विद्यार्थिनीला महागात पडले. स्मरणिकेत संस्थेच्या यशाची गाथा यावी हे योग्यच. परंतु शिक्षकाने आपली एक चूक कबूल करून ठेवावी, यासाठीही हीच जागा आम्हाला योग्य वाटते.

हकिकत दोन माजी विद्यार्थिनींची आहे. दोघींच्या संमतीने, परंतु नावे न घेता ती सांगतो. दोघी एकाच वर्षी बारावी झाल्या, दोघींनी जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि कोविडच्या काळात दोन वेगवेगळ्या शहरांतील रुग्णालयांत रुजू झाल्या. पहिली शाळेच्या कबड्डी संघाची कर्णधार होती. गुडघे फुटले तरी तोंडातून हूं की चूं निघत नसे. निरोपाच्या दिवशी तिच्या वहीत आम्ही एकच शब्द लिहिला होता : 'खंबीर'. दुसरी मात्र लहानसहान गोष्टीने डोळ्यांत पाणी आणणारी. भोजनगृहातल्या मांजरीचे पिल्लू मेले, तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. तिच्याच वडिलांनी आम्हाला 'टिकंल का?' असे विचारले होते.

२०२१ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, पहिलीचा रात्री उशिरा फोन आला. एका पाळीत तिच्या वॉर्डातील चार रुग्ण दगावले होते आणि सोबतीला दुसरी परिचारिका नव्हती. "सर, झोप लागत नाही. डोळे मिटले की मॉनिटरचा आवाज ऐकू येतो," ती म्हणाली. आम्ही काय उत्तर दिले? "तू आपली खंबीर मुलगी. असे बोलायचे नसते. बाबासाहेबांनी किती सोसले ते आठव." दोन महिन्यांनी तिने नोकरी सोडली. आज ती गावी शिवणकाम करते. पुढे एकदा भेटली तेव्हा शांतपणे म्हणाली, "सर, त्या रात्री मला बाबासाहेब माहीतच होते. तुम्ही फक्त ऐकून घ्यायला हवे होते."

दुसरीच्या हातून पहिला रुग्ण गेला, तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर बसून हुंदके देऊ लागली. वॉर्डाच्या वयस्कर परिसेविकेने तिच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हटले, "दहा मिनिटे बस. तुझ्या खाटा मी पाहते." पुढचा महिनाभर तिची रात्रपाळी त्यांनी एका अनुभवी सहकारिणीबरोबर लावली. ती मुलगी आजही त्याच सेवेत आहे आणि नव्याने आलेल्या मुलींना तीच दहा मिनिटे ती स्वतः देते.

स्वभावावरून टिकण्याचा अंदाज बांधणारे आम्ही दोन्ही मुलींच्या बाबतीत चुकलो. हळवी टिकली, खंबीर मोडली. दोघींच्या वाट्याला आलेल्या दुःखात फारसा फरक नव्हता. एकीजवळ त्या घटकेला कुणीतरी उभे होते आणि दुसरीजवळ आमचा उपदेश तेवढा होता.

मानसशास्त्रात या गुणाला मनाची लवचिकता म्हणतात. आपल्या बोलीत आपण 'जीव धरणे' म्हणतो, तो शब्द आम्हाला अधिक जवळचा वाटतो. संकटाने वाकलेले मन पुन्हा उभे राहणे, असा त्याचा साधा अर्थ. हा गुण उंचीसारखा किंवा रंगासारखा व्यक्तीच्या अंगी असतो, असे मानण्याकडे बराच काळ कल होता. तो मोजण्यासाठी प्रश्नावल्याही तयार झाल्या. कॉनर आणि डेव्हिडसन या दोन संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेली पंचवीस प्रश्नांची मोजपट्टी जगभर वापरली जाते, परिचारिकांच्या अभ्यासातही वापरली जाते. मात्र उपचार आणि आधार मिळाला की त्याच व्यक्तीचे गुण वाढतात, हेही त्याच संशोधकांनी दाखविले आहे. म्हणजे ही मोजपट्टी जन्मजात धातू तपासणारी कसोटी खचितच नाही.

याहून जुना आणि आम्हा शिक्षकांना अंतर्मुख करणारा अभ्यास हवाई बेटांपैकी काउआई या बेटावरचा आहे. तेथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधिकांनी अनेक दशके घेतला. त्यांतील काही मुले दारिद्र्य, घरातील कलह, आईवडिलांचे आजारपण अशा अनेक आपत्तींत एकाच वेळी वाढली होती. या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश पुढे समर्थ, आत्मविश्वासू आणि इतरांची काळजी वाहणारी माणसे झाली. त्यांच्या स्वभावाचा त्यात वाटा होताच, तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्याबरोबर एक गोष्ट पुनःपुन्हा आढळली. त्यांच्या आयुष्यात आपले म्हणणारे निदान एक वडीलधारे माणूस होते. कुणाची आजी होती, कुणाची शेजारीण, कुणाचे शिक्षक.

आपल्या धानाच्या मुलखात हे समजायला पुस्तकांची गरज नाही. रोवणीच्या दिवसांत पऱ्हे उपटून बांधीत लावले, की पहिले काही दिवस ते पिवळे पडतात, माना टाकतात. पुढे मूळ मातीला लागले की जीव धरतात. त्या दिवसांत कोणता शेतकरी पऱ्ह्याच्या स्वभावाची चौकशी करतो? तो सकाळी उठून बांधीत पाणी आहे की नाही ते पाहतो, कुठे धुरा फुटला आहे का ते पाहतो. पीक वाळले तर रोपट्याला बोल लावण्याची रीत आपल्याकडे नाही. शेतीत जे आपण पिढ्यान्‌पिढ्या जाणतो, ते माणसांच्या बाबतीत विसरतो.

तथागतांनी हे फार पूर्वी सांगितले आहे. विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा येते. अतिसाराने ग्रासलेला तो भिक्खू स्वतःच्याच मळात पडून होता. विहारांतून फिरताना भगवंतांनी त्याला पाहिले आणि विचारले, की तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही का? तो म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी घातले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून खाटेवर निजविले. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तथागतांच्या माणुसकीचे वर्णन करताना या प्रसंगाला आवर्जून स्थान दिले आहे.

आपण ही कथा बुद्धजयंतीला सांगतो आणि बहुधा करुणेपाशी थांबतो. विनयातील कथा मात्र तेथे थांबत नाही. भगवंतांनी भिक्खुसंघाला एकत्र बोलाविले. येथे तुमची काळजी वाहायला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार, असे समजाविले आणि नियम घालून दिला. आजाऱ्याची शुश्रूषा त्याच्या उपाध्यायाने करावी, उपाध्याय नसेल तर आचार्याने, शिष्याने, सहनिवासी भिक्खूने आणि यांपैकी कुणीच नसेल तर संघाने. जो करणार नाही त्याला दोष लागेल. करुणेला एका महापुरुषाच्या सद्गुणावर न सोडता भगवंतांनी तिची पाळी लावून दिली, तिचे उत्तरदायित्व ठरवून दिले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला या प्रसंगातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

त्याच ठिकाणी चांगल्या परिचारकाची पाच लक्षणे सांगितली आहेत. त्याला औषध सिद्ध करता यावे. रुग्णाला काय मानवते आणि काय मानवत नाही, हे त्याला कळावे. त्याने लाभासाठी नव्हे, मैत्रीभावनेने सेवा करावी. मळ, मूत्र, वांती उचलताना त्याला किळस वाटू नये. आणि वेळोवेळी चार धम्माचे शब्द बोलून रुग्णाचे मन उल्हसित करता यावे. या यादीत 'कधी रडू नये' असे लक्षण नाही. हळव्या मनाचा माणूस अपात्र, असेही नाही. विशेष म्हणजे रुग्णाचीही पाच लक्षणे तेथे दिली आहेत. त्याने पथ्य पाळावे, प्रमाण जाणावे, औषध घ्यावे, आपली खरी अवस्था परिचारकाला सांगावी आणि वेदना सहन कराव्यात. सहनशक्तीचा उल्लेख आला आहे तो रुग्णाच्या यादीत, परिचारकाच्या यादीत नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात शुश्रूषेचे नाव निघाले की क्रांतिज्योती सावित्रीमाईंचे स्मरण प्रथम होते. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ हडपसरच्या ससाणे मळ्यात पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात त्या रुग्णांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतील एका प्लेगग्रस्त अस्पृश्य मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे परिनिर्वाण झाले. ज्या बाईने शेणमातीचा मारा सोसून मुलींना शिकविले, तिच्या मनोबलाबद्दल शंका कोण घेईल? परंतु प्लेगच्या जंतूने ते मनोबल विचारात घेतले नाही. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. ती लस वस्त्यावस्त्यांत पोहोचायला वेळ लागला. धैर्य हे हातमोज्यांची, लसीची, दुसऱ्या परिचारिकेची जागा घेऊ शकत नाही, हा सावित्रीमाईंच्या बलिदानातील धडा आपण पुतळ्याला हार घालताना विसरतो.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. माईंचे धैर्यही एकटीचे नव्हते. पाठीशी जोतीराव होते, सोबतीला फातिमा शेख होत्या, १८७३ पासून सत्यशोधक समाज होता.

येथे कुणी विचारील, की मग व्यक्तीच्या धैर्याला काही अर्थच नाही काय? आहे, आणि त्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांच्या वॉर्डात वीस गरोदर स्त्रिया होत्या. त्यांनी दारे बंद करून त्या सर्वांना एका लहानशा खोलीत हलविले. एकीला कळा सुरू झाल्या, तर गोळीबार चालू असताना भिंतीच्या आधाराने तिला प्रसूतिगृहापर्यंत नेले. पुढे त्यांनी कसाबला ओळखले, न्यायालयात साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीची कहाणी सांगितली. असे धैर्य एखाद्या रात्री माणसाच्या हातून घडते आणि इतिहास त्याची नोंद घेतो. परंतु वर्षातून शेकडो पाळ्या करणाऱ्या प्रत्येक मुलीकडून ते रोज मागणे, हा धैर्याचा सन्मान नव्हे.

आपल्या समाजाने तर या बाबतीत विशेष सावध राहिले पाहिजे. जातिव्यवस्थेने ज्यांच्यावर सर्वांत जड ओझे लादले, त्यांच्याच काटकपणाची स्तुती ती नेहमी करीत आली. 'या बायकांना सवय असते', 'यांचे अंग कष्टाचे आहे', ही वाक्ये आपल्या आया-आज्यांनी बांधावर ऐकली, बाळंतिणीच्या खोलीबाहेर ऐकली. मळ, रक्त, विटाळ यांची कामे त्यांच्या वाट्याला आली आणि ती निमूट केली म्हणून त्यांचे कौतुकही झाले. त्या कौतुकातून मजुरी वाढली नाही, विसावा मिळाला नाही. आज कंत्राटी परिचारिकेला 'कोविड योद्धा' म्हणून टाळ्या मिळाल्या आणि करार संपल्यावर घरी पाठविण्यात आले, तेव्हा आम्हाला तीच जुनी स्तुती नव्या शब्दांत ऐकू आली. सोसणाऱ्याचा गौरव करताना सोसायला लावणाऱ्या व्यवस्थेकडे पाठ फिरवायची, हा डाव आपण ओळखला पाहिजे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातील दिवा सर्वांना ठाऊक आहे. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. त्यांच्या दिव्यानंतरही मृत्यू थांबले नव्हते. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथे शेकडा ४२ रुग्ण मरत होते. मार्चमध्ये आरोग्य आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली आणि काही महिन्यांत हे प्रमाण शेकडा २ वर आले. नाइटिंगेल यांनी पुढे हे आकडे स्वतः मांडले आणि उर्वरित आयुष्य गटारे, पाणी आणि इमारती यांच्या सुधारणेसाठी सरकारशी भांडण्यात घालविले. आपण मुलींना दिव्याची गोष्ट सांगतो. गटारांचीही सांगितली पाहिजे.

कारण गटारांची ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात घडली आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली. कक्षात सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली. ती बाळे याच जिल्ह्यातील, आपल्यासारख्याच खेड्यापाड्यांतील मजूर आयांची होती. त्या आयांच्या दुःखापुढे कोणताही युक्तिवाद थिटा आहे आणि त्यांना न्याय मिळालाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. घटनेनंतर जिल्हा शल्यचिकित्सकांपासून परिचारिकांपर्यंत कारवाई झाली. काही निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांच्या सेवा संपविण्यात आल्या, पुढे दोन परिचारिकांवर गुन्हाही नोंदविला गेला. राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली, अकरा रुग्ण दगावले आणि तेथेही परिचारिकांवर कारवाई झाली.

कोण किती दोषी, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नाही. नागरिक म्हणून आम्ही वेगळा प्रश्न विचारतो. रात्री दोन वाजता धुराने भरलेल्या कक्षाच्या दारात उभ्या असलेल्या मुलीजवळ कोणती साधने होती? धूर लागताच वाजणारी घंटा होती काय? तिला आग विझविण्याचे शिक्षण मिळाले होते काय? शेजारी दुसरे माणूस होते काय? या प्रश्नांची उत्तरे तिच्या स्वभावात सापडणार नाहीत. ती अंदाजपत्रकात, भरतीच्या फायलीत आणि तपासणीच्या अहवालात सापडतील. 'पोरगी टिकेल काय?' असे विचारणाऱ्या आपण सर्वांनी 'इमारत टिकेल काय?' हेही त्याच आवाजात विचारायला हवे होते. आग लागण्यापूर्वी आम्ही स्वतः ते कधी विचारले नव्हते.

सामूहिक मनोबल कसे असते, याचे उदाहरणही महाराष्ट्रानेच जगाला दिले आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथील एका कामगाराने पाशवी हल्ला केला. त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना भरविले, धुतले, कूस बदलून दिली. इतका काळ अंथरुणाला खिळलेल्या देहाला शय्याव्रण होऊ न देणे म्हणजे काय, हे परिचारिकाच जाणतात. २०११ साली दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयानेही या सेवेचा गौरव केला. या बेचाळीस वर्षांत कितीतरी परिचारिका निवृत्त झाल्या आणि अरुणाताईंना निरोगी अवस्थेत कधीही न पाहिलेल्या मुली त्यांच्या जागी आल्या. कोणा एकीचे मनोबल बेचाळीस वर्षे पुरले नसते. ते पाळीकडून पाळीकडे, तुकडीकडून तुकडीकडे सोपविले गेले. विनयातील तो नियम केईएमच्या वॉर्डात पाळला गेला, असे म्हणावेसे वाटते.

बाबासाहेबांचा मार्गही हाच होता. त्यांनी सोसलेले आपण मुलांना सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु आपल्यासारखेच सर्वांनी सोसावे, असे त्यांनी कधी म्हटले नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, कामगार स्त्रीच्या विश्रांतीचा भार सरकारने उचलावा, ही भूमिका त्यांनी मांडली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी कामाचे तास कमी करण्याचा आग्रह धरला आणि १९४६ साली कारखान्यातील आठवडा ४८ तासांवर आला. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, ते याच जाणिवेतून. हुशार मुलगा चिमणीच्या उजेडातही शिकतो, असे म्हणून ते थांबले नाहीत. छप्पर, जेवण आणि दिवा यांची सोय त्यांनी आधी केली. आपले वसतिगृह त्याच विचाराची शाखा आहे. येथे वाढलेल्या मुलामुलींचे मनोबल कोठून आले, याचे उत्तर याच भिंतींत आहे. मग त्याच मुली या भिंतींबाहेर पडल्यावर त्यांनी सारे एकटीने पेलावे, ही अपेक्षा आम्ही कशाच्या बळावर करतो?

म्हणून काही गोष्टी आम्ही नम्रपणे सुचवितो.

पालकांनी प्रवेश घेताना मुलीच्या मनाची परीक्षा जरूर घ्यावी, पण विनयातील पाच लक्षणांनी. तिला शिकण्याची आवड आहे का, माणसांविषयी मैत्री आहे का, किळस जिंकण्याची तयारी आहे का? त्याबरोबर संस्थेचीही परीक्षा घ्यावी. तिला नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का, जोडलेले रुग्णालय खरे आहे का, वसतिगृह सुरक्षित आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे. फीची पावती मागताना जेवढे आपण धीट होतो, तेवढेच येथेही व्हावे.

मुलगी नोकरीला लागल्यावर तिचा पगार घरी येतो. तिचा थकवाही घरी येऊ द्यावा. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला झोपू द्यावे. लग्न झालेली असेल तर सासरच्यांनाही हे सांगावे. तिने फोनवर रडून काही सांगितले, तर आमच्यासारखा उपदेश करू नये. आधी ऐकावे. झोप उडाली, जेवण सुटले, मन कशातच लागत नाही असे दिसले, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये. शासनाची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. रुग्णालयात मारहाण झाली तर वैद्यकीय सेवेतील व्यक्तींच्या संरक्षणासाठी राज्यात २०१० चा कायदा आहे, तो परिचारिकांनाही लागू आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्यान्वये अंतर्गत समितीकडे दाद मागता येते. हे कायदे ठाऊक असणे हादेखील मनोबलाचाच भाग आहे.

समाजाच्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या मिरवणुकीइतकेच लक्ष आपल्या आरोग्य केंद्राकडे द्यावे. रात्री तेथे किती परिचारिका असतात, किती पदे रिकामी आहेत, अग्निशामक सिलिंडरची मुदत केव्हा संपते, हे ग्रामसभेत विचारता येते. रुग्णकल्याण समितीला विचारता येते. रुग्ण दगावल्यावर परिचारिकेच्या अंगावर धावून जाण्यापेक्षा हे प्रश्न आधी विचारणारा समाज तिला अधिक बळ देईल.

शेवटची सूचना आपल्या माजी विद्यार्थिनींसाठी आहे. ज्या परिचर्येच्या सेवेत काही वर्षे काढून आहात, त्यांनी आपले नाव शाळेच्या कार्यालयात कळवावे. येथून नर्सिंगला जाणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दोन वर्षांसाठी तुमच्यापैकी एक ताई नेमून द्यावी, असा आमचा मानस आहे. ताईने महिन्यातून एकदा फोन करावा आणि अडीअडचणीला धाकटीचा फोन उचलावा. एवढेच काम. पैसे नकोत, समारंभ नको. विनयाने उपाध्यायावर जी जबाबदारी टाकली, तिचे हे लहानसे रूप होईल.

यादीतील पहिले नाव लिहून झाले आहे. ते आमच्या त्या हळव्या विद्यार्थिनीचे आहे. दुसरे नाव आमच्या अपेक्षेपलीकडचे निघाले. शिवणकाम करणाऱ्या त्या खंबीर मुलीने निरोप पाठविला : "सर, मी नोकरीत नाही, पण रात्री फोन आला तर ऐकून घेईन. माझेही नाव लिहा." आम्ही ते लिहिले.

येत्या जूनमध्ये पुन्हा एखादा बाप व्हरांड्यात उभा राहून तोच प्रश्न विचारील. या वेळी त्याला आम्ही खाली बसवू, पाणी देऊ आणि सांगू, "टिकेल, दादा. पण ते तिच्या एकटीवर सोडायचे नाही. तुम्ही काय कराल ते सांगा. आम्ही काय करणार ते आम्ही सांगतो."

नमो बुद्धाय! जय भीम!